केस मुळासकट पाठवा

हॅमिल्टनमध्ये कुणाकडे जेवायला गेलं की एक प्रसंग हमखास घडतो. टेबलाभोवती डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, कॉम्प्युटरवाले अशी आपली मंडळी जमलेली असतात आणि नुकतंच आलेलं एखादं जोडपं विचारतं, "काकू, तुम्ही काय करता?" मी सांगते, "घोड्यांचे रंग तपासते." समोरच्याचा श्रीखंडाचा चमचा तोंडाजवळच थांबतो. मग तो प्रश्न येतो: "पण घोड्याचा रंग डोळ्यांनी दिसत नाही का?"

दिसतो ना. पण जेवढा दिसतो तेवढाच त्याच्यात असतो असं नाही. माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर चालली. गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाले तरी जेवणाच्या टेबलावर मी अजून ते वाक्य म्हणत असते.

आमची लॅब 'ते रापा' नावाच्या उपनगरात, दुधाच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत. वारा तिकडून आला की सगळ्या लॅबला दूध आटवल्याचा वास यायचा आणि मला उगाच बासुंदीची आठवण व्हायची. आईला मात्र माझं काम समजावून सांगावं लागलं नाही. ती धुळ्याहून माझ्याकडे येऊन महिनोन् महिने राहायची आणि फोनवर मैत्रिणींना सांगायची, "सुलू घोड्यांच्या पत्रिका बघते. कुणाचं कुणाशी जमेल ते सांगते." मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर तिचं काही फार चुकत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे काम दोन मिनिटांत सांगता येतं. घोड्याच्या आयाळीतले किंवा शेपटीतले थोडे केस घ्यायचे. केस कापायचे नाहीत, बोटाला गुंडाळून झटक्यात उपटायचे, कारण आम्हाला केस नको असतो, त्याच्या टोकाचं मूळ हवं असतं. खसखशीहून बारीक असा तो पांढरा ठिपका. त्यात त्या घोड्याचं सगळं बाड असतं: आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं, काय अंगावर दिसतंय आणि काय आत दडून बसलंय. आम्ही मूळ कोमट द्रावणात विरघळवतो, त्यातला हवा तेवढा तुकडा यंत्रात पुन्हा पुन्हा छापून वाढवतो आणि वाचतो.

आणि वाचून काय कळतं? तर घोड्यात मुळात रंग दोनच, लाल आणि काळा. बाकी सगळी त्या दोघांची कमीजास्ती. काळा फक्त पायांवर, आयाळीत आणि शेपटीत ठेवला की कुमैत. लाल फिका केला की सोनेरी. रंग जिथे पोचलाच नाही तिथे पांढरा. लहानपणी मामा मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्यायचा, तिथे अबलख, पंचकल्याणी, पांढराशुभ्र नुकरा अशी नावं ऐकून माझं डोकं गरगरायचं. एवढे सगळे घोडे दोन रंगांत बसतात हे मला इथे लॅबमध्ये कळलं, तेव्हा मी खुर्चीवर बसून राहिले होते. ते कौतुक माझ्या मनातून कधी गेलं नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत केसाचं मूळ भिंगाखाली धरलं की मी आधी क्षणभर नुसती बघायचे.

लोक मात्र केस कापूनच पाठवायचे. पाकिटावर आम्ही ठळक अक्षरांत सांगायचो, केस मुळासकट पाठवा. तरी कात्रीने सरळ कापलेली, रिबीन बांधलेली सुंदर बट यायची. हेन्डरसन गावच्या एका बाईंनी तर आधी शाम्पू लावला होता. मी फोन केला तर त्या दुखावल्या. "माझ्या पोनीचे केस मी ओढू? तू स्वतःचे ओढून बघ." मी फोनवरच स्वतःचा एक उपटला आणि सांगितलं, "ओढला. फार नाही दुखत." त्यानंतर त्या दर वर्षी ख्रिसमसला कार्ड पाठवत राहिल्या.

दुसरे एक गृहस्थ टाकानिनी गावचे. त्यांनी काळंभोर शिंगरू हौसेने घेतलं आणि त्याच्या डोळ्यांभोवती करडे केस दिसू लागले म्हणून तपासायला पाठवलं. मी सांगितलं, याच्यात करडेपणाचा जीन आहे, हा हळूहळू पांढरा होणार. "म्हणजे आजारी आहे?" नाही हो, म्हातारपण केसांत लवकर आलंय, बाकी घोडा उत्तम आहे. मग म्हणाले, "माझंही तिशीतच झालं होतं." त्यांनी घोडा ठेवला. दर वर्षी दोघांचा शेजारी शेजारी फोटो यायचा आणि फोटोत दोघंही आणखी पांढरे झालेले असायचे.

सगळेच असे नसत. रंग बरोबर नाही म्हणून सोन्यासारख्या स्वभावाची घोडी विकून टाकणारे मी पाहिलेत. सोनेरी शिंगरू हवं, लाल नको. त्यांचे फोन आले की मला आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती आठवायच्या, गोरी, सुस्वरूप वगैरे. त्यांना हवं ते उत्तर माझ्याच हातून जायचं, याची खंत आहे. पण उत्तर खरं असेल तर ते लपवून ठेवायचं तरी कसं?

या सगळ्या वर्षांतला एक दिवस मात्र मला लिहून ठेवायचाच आहे.

इथे दक्षिण गोलार्धात दिवाळी वसंतात येते आणि घोड्या वितात त्याही वसंतातच. त्यामुळे माझी एकही दिवाळी धड झाली नाही. त्या वर्षी आई आलेली होती आणि रुसलेलीही होती. कारण वसुबारस. तिला गायवासराची पूजा करायची होती. मी म्हटलं, अगं, या वायकाटो भागात माणसांपेक्षा गाई जास्त. गाडीत घालून तिला फिरवलं. गाईच गाई, पण एकीजवळही वासरू नाही. दुधाच्या गाईंची वासरं इथे जन्मल्याबरोबर वेगळ्या शेडमध्ये नेतात. आईने कुंकवाची डबी पर्समध्ये परत ठेवली.

नरकचतुर्दशीच्या सकाळी ती माझ्या डोक्यावर तेल थापत होती आणि फोन वाजला. इथल्या ऑक्टोबरातल्या लेबर डेच्या सुट्टीचा शनिवार होता, लॅब बंद. फोन फेतूचा होता.

फेतू हा आमच्या शेजारच्या कारखान्याचा टँकर चालवायचा. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, खिमा भरलेली पाई घ्यायला आम्ही दोघंही जायचो, तिथली ओळख. नंतर तो निवृत्त होऊन रॅग्लनच्या बाजूला आपल्या जमिनीवर राहायला गेला, तरी शरदात, म्हणजे इथल्या एप्रिल-मेत, फेजोआ नावाच्या फळांची पिशवी घेऊन यायचा आणि दिवाळीत मी त्याला करंज्या द्यायचे. त्याची बायको अरोहा त्याच वर्षीच्या शरदात कॅन्सरने गेली होती. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, इथे मराठीत लिहिते.

"किया ओरा, सू," नेहमीचा माओरी नमस्कार करून तो थांबला. "टुई व्याली. शिंगरू पांढरं आहे. डोळे निळे. जोऍन म्हणते, कायमचं झोपवायला हवं."

टुई ही अरोहाची घोडी. काळीशार, कपाळावर रुंद पांढरा पट्टा. जोऍन त्यांची व्हेट, जनावरांची डॉक्टर. तिने हे सहज म्हटलेलं नव्हतं. फ्रेम नावाचा एक जीन आहे. घोड्यात तो एकच असेल तर अंगावर खडबडीत कडांचे पांढरे डाग उठतात, कधी नुसता चेहऱ्यावरचा पट्टा, कधी काहीच नाही. घोडा ठणठणीत. पण आई आणि बाप दोघांकडून मिळून दोन आले तर शिंगरू शुभ्र पांढरं जन्मतं, देखणं असतं, उठून उभं राहतं, दूध पितं. फक्त त्याच्या आतड्यात मज्जातंतू पोचलेले नसतात. खाल्लेलं पुढे सरकत नाही. मग पोट दुखायला लागतं आणि ते तडफडून मरतं. त्याच्यावर इलाज नाही. म्हणून दुखणं सुरू होण्याआधीच त्याला इंजेक्शन देणं हीच दया.

आणि बाप होता शेजारचा सोनेरी घोडा. आदल्या वसंतात कुंपण मोडून आलेला. त्याच्या अंगावर अगदी तसेच खडबडीत डाग होते. म्हणजे त्याच्याकडे एक होता, यात शंका नव्हती. सगळा प्रश्न टुईचा होता.

"अरोहा हसली होती तेव्हा," फेतू म्हणाला. "म्हणाली, पोरगी पळून जाऊन लग्न करून आली. शेवटी शेवटी सांगत होती, जे होईल त्याला नीट सांभाळ. सू, मला नुसतं कळायला हवं. खरंच तसं असेल तर मी त्याला धरून बसेन. पण आधी कळायला हवं."

मी म्हटलं, केस घेऊन ये. आईने माझ्याकडे बघितलं. "अंघोळ?" मी तशीच, तेलाचं डोकं रुमालात बांधून निघाले. तिने चकलीचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "जा. उटणं काय, संध्याकाळी लावता येतं."

वळणावळणाचा रस्ता कापत फेतू लॅबवर आला. जाड, थोराड माणूस, गमबूट चिखलाने भरलेले. त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत शिंगराच्या आयाळीची पांढरी, रेशमासारखी बट होती. कात्रीने कापलेली.

मी पिशवी उजेडात धरली. त्यालाच माझा चेहरा कळला.

"मूळ हवं असतं," मी म्हटलं. "तुला माहितेय."

"माहितेय." तो गमबुटांकडे बघत होता. "ओढायला हात लावला. ते नुकतंच जन्मलंय, सू. ओल्या अंगाने थरथरत होतं. आणि जोऍन म्हणते ते मरणारच आहे. मला नाही ओढवलं."

तो परत जाऊन येईपर्यंत दुपार उलटली असती. तेवढ्यात जोऍनचा फोन आला. शिंगरू शेपटी वर करून कुंथतंय, आडवं होतंय, परत उठतंय. "मी थांबते," ती म्हणाली, "पण ते लोळायला लागलं तर मी थांबणार नाही. फेतूला सांग." तिचा आवाज कोरडा होता. वाईट मनाची नव्हती ती, तिने ते मरण आधी पाहिलेलं होतं.

फोन ठेवला आणि मला एकदम सुचलं. शिंगरू कशाला हवं? दोन जीन लागतात, एक आईचा, एक बापाचा. आईकडे नसेलच, तर शिंगरात दोन येणार कुठून? घोडीच्या पत्रिकेचा विषय होता हा, आणि मी शिंगराच्या केसांपाशी अडून बसले होते.

"फेतू, टुईचे केस आहेत तुझ्याकडे? गाडीत, ब्लँकेटवर, कुठेही?"

तो आपल्या यूटकडे, पिकअप गाडीकडे गेला, दार उघडलं, बराच वेळ वाकलेला दिसला. परत आला तेव्हा त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला एक ब्रश होता. लाकडी पाठीचा, दातांत केस अडकलेले.

"अरोहाचा," तो म्हणाला. "टुईला विंचरायची ना. अगदी शेवटपर्यंत, खुर्चीवर बसून. मी तो साफ नाही केला."

मी म्हटलं, मला लागतील तेवढेच घेईन. त्याने मान हलवली आणि ब्रश माझ्या हातात दिला.

ब्रशातला केस म्हणजे गळलेला केस. त्याला धड मूळ असेलच असं नाही. मी भिंगाखाली एकेक काढून बघत होते. काळा, राठ, मूळ नाही. काळा, मूळ वाळलेलं. काळा, आणि टोकाला तो खसखशीचा ठिपका, शाबूत. असे आणखी मिळाले. मी ते वेगवेगळ्या नळ्यांत टाकले, कारण एकाच केसाच्या शब्दावर मी कुणाचा जीव ठेवणार नव्हते. त्या काळ्या केसांच्या गुंत्यात एक वेगळा होता. लांब, मऊ, रुपेरी. घोड्याचा नव्हता. मी तो चिमट्याने अलगद सोडवला, टिशूत ठेवला आणि कामाला लागले.

यंत्राला घाई करता येत नाही. द्रावण तापायचं तेवढंच तापतं, यंत्र छापायचं तेवढ्याच गतीने छापतं. फेतू बाहेर पायरीवर बसला होता. मी चकल्या नेऊन दिल्या, त्याने एक हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. तेल माझ्या कपाळावरून ओघळत होतं. मी इतक्या वर्षांत हजारदा केलेलं काम करत होते आणि तरी प्रत्येक नळीवरचं नाव पुन्हा पुन्हा तपासत होते. लॅबच्या आत मला आशा करायची सवय नाही. नळीत काय आहे ते आधीच ठरलेलं असतं, टुई तिच्या आईच्या पोटात असतानाच ते ठरलं होतं. तरी मी यंत्रासमोर उभी राहून मनातल्या मनात नको, नको म्हणत होते.

मग पडद्यावर रेघा उमटल्या. शेजारी तुलनेसाठी ठेवलेला फ्रेमवाला नमुना, त्याची रेघ जिथे हवी तिथे. टुईची पहिली नळी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. सगळ्या स्वच्छ. टुईकडे फ्रेम नव्हता.

आणि दुसरं एक होतं, जे मी त्याच फेरीत लावून ठेवलं होतं. रंग फिका करणारा जीन. लाल घोड्यावर तो एक असला की घोडा सोनेरी होतो, तसा बाप होताच. काळ्या घोड्यावर मात्र तो एकटा असला तर दिसतच नाही. टुई जन्मभर तो आत घेऊन फिरत होती, कुणालाही पत्ता नाही, अगदी अरोहालाही नाही. एक बापाचा, एक आईचा, दोन मिळाले आणि काळ्या आईच्या पोटी पांढरं शिंगरू आलं. मरायला नव्हे. तो त्याचा रंगच होता.

मी जोऍनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. फेतू दारात येऊन उभा राहिला. "टुईकडे नाही," मी म्हटलं. "शिंगरात दोन असूच शकत नाहीत. दुहेरी फिकं आहे ते. धडधाकट."

मग जोऍन म्हणाली, "नक्की?"

"नक्की."

"मग कुंथतंय कशाला?" असं म्हणून ती स्वतःच थांबली. "अरे देवा. त्याला नुसती शी होत नाहीये."

नवजात शिंगरांची पहिली काळी, चिकट शी कधी कधी अडते. विशेषतः नरांची. कोमट साबणाच्या पाण्याचा एनिमा द्यायचा की झालं. जोऍनने फोन कुंपणाच्या खांबावर ठेवला. आम्ही दोघं लॅबमध्ये फोनभोवती वाकून उभे. बादलीचा आवाज, टुईचं फुरफुरणं, जोऍनचं पुटपुटणं. ऐन दिवाळीच्या दिवशी, डोक्यावर तेल, आणि मी कानात प्राण आणून एका शिंगराच्या शीची वाट बघत होते. त्यापेक्षा मोठी गोष्ट त्या घडीला जगात दुसरी नव्हती.

"झाली," जोऍन म्हणाली. "भरपूर. आता प्यायला गेलाय." आणि ती हसता हसता रडायला लागली.

फेतूने हातातली चकली टेबलावर ठेवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्याची पाठ हलत होती. मी त्याला तसाच राहू दिला.

पाडव्याला आम्ही मायलेकी त्याच्याकडे गेलो. टेकडीवर गवत चमकत होतं आणि टुईच्या आडून ते शिंगरू बाहेर आलं. सायीच्या रंगाचं, गुलाबी नाकाचं. उन्हात त्याचे कान आरपार दिसत होते. आई कुंपणाला धरून उभी राहिली. "अगं, हा तर नुकरा," ती म्हणाली. "आपल्याकडे असता तर याच्यावर बसायला नवरदेवांची रांग लागली असती." मग तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि मला विचारलं, "चालेल ना त्याला?" मी फेतूला वसुबारस समजावून सांगितली. तो ऐकून म्हणाला, "स्वीट ऍज," म्हणजे एकदम झकास, आणि टुईची मान धरून उभा राहिला. आईने तिच्या पांढऱ्या पट्ट्यावर कुंकू लावलं, शिंगराला लावायला गेली तर त्याने तिचा पदर तोंडात धरला. आईचा रुसवा तिथे संपला.

मी ब्रश परत आणला होता. टॉवेलातच, आणि सोबत टिशूची घडी. माओरी लोकांत माणसाचा केस पवित्र मानतात, कुठेही टाकत नाहीत, एवढं इथे राहून मला कळलं होतं. "यात टुईचा नसलेला एक होता," मी म्हटलं. "तो मी वापरला नाही." त्याने घडी उघडली आणि बघत राहिला. माझ्याकडे ती प्लास्टिकची पिशवीही होती, शिंगराची कात्रीने कापलेली बट. लॅबच्या काही कामाची नव्हती, पण टाकवली नव्हती. तीही त्याला दिली.

त्याने आधी रुपेरी केस ब्रशाच्या दातांत परत अडकवला, जिथून मी काढला होता साधारण तिथेच. मग बटेतले चार केस काढून त्याच्या शेजारी बसवले आणि ब्रश तबेल्याच्या खिळ्यावर टांगला. मी जवळ जाऊन पाहिलं. उन्हात सगळे सारखेच चमकत होते. रंग ओळखण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्यातला अरोहाचा कुठला आणि शिंगराचा कुठला, ते मला सांगता आलं नसतं.